तळ्याचं ऑडिट: दिंडोरीजवळ चतुरांमागे दोन दिवस

सप्टेंबरच्या शेवटी निवृत्तीभाऊंनी मला बावीस सेकंदांचा एक व्हिडिओ पाठवला. एक जुनं तळं, काठाला लव्हाळं आणि पाणकणीस, आणि प्रत्येक पात्याच्या टोकावर एकेक लाल चतुर. व्हिडिओ थांबवून मी मोजले, अकरा भरले. खाली त्यांनी लिहिलं होतं, "मॅडम, तुमचे हेलिकॉप्टर आमच्या तळ्यावर उतरलेत. या एकदा."

निवृत्तीभाऊ म्हणजे आमच्या अंबडच्या कारखान्यातले जुने लेथ ऑपरेटर. पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडून ते दिंडोरीजवळच्या आपल्या गावी परतले आणि आता द्राक्षं करतात. मी त्याच कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. बावीस वर्षं झाली, लोकांनी केलेले जॉब मोजायचे आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं, हेच माझं काम. निवृत्तीभाऊ मला पाठीमागे 'रिजेक्ट मॅडम' म्हणायचे. नोकरी सोडल्यापासून तोंडावर म्हणतात.

चतुरांचे फोटो काढायला लागून मला सात-आठ वर्षं झाली. हा ब्लॉग वाचणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक आहे. नवीन वाचकांसाठी सांगते: लांब शेपटीचा, चार पारदर्शक पंखांचा, पाण्याजवळ घिरट्या घालणारा तो कीटक. लहानपणी आपण त्याच्या शेपटीला दोरा बांधायचो आणि घरी बोलणी खायचो.

या सहलीमागे मात्र आणखी एक कारण होतं, आणि ते सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. तीन महिन्यांपासून माझा उजवा हात थरथरतो आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण हळूहळू वाढेल. घरी आमच्या ह्यांना माहीत आहे. ऑफिसात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मायक्रोमीटर हातात धरताना बोटांचा दाब जरा कमीजास्त झाला तरी माप बदलतं, म्हणून मी प्रत्येक जॉब तीन-तीनदा मोजत होते आणि संध्याकाळी उशिरापर्यंत थांबत होते. असं किती दिवस चालणार, हे ठरवायला मी एक चाचणी लावली. चारशे एमएमची लेन्स, हातात धरून, कुठलाही आधार न घेता, दोन दिवसांत बसलेल्या चतुराचा एक तरी धारदार फोटो. डोळा स्पष्ट हवा आणि पंखांच्या टोकाजवळ जो छोटा गडद चौकोन असतो, त्याच्या कडा स्पष्ट हव्यात. जमलं तर गप्प बसायचं. नाही जमलं तर सोमवारी साहेबांना सांगायचं की माझ्या हाताने झालेल्या मोजमापावर आता विसंबू नका.

"ट्रायपॉड घे ना," हे म्हणाले.

ट्रायपॉड मी मुद्दामच कपाटात ठेवला.

ज्यांना असे फोटो काढायचे आहेत त्यांच्यासाठी आधी थोडं सामानाबद्दल. लोक विचारतात, एवढ्याशा कीटकाला एवढी मोठी लेन्स कशाला? मॅक्रो लेन्सने फोटो काढायचा तर वीतभर अंतरावर जावं लागतं, आणि तोवर चतुर उडालेला असतो. टेलिफोटोने पाच-सहा फुटांवरून काम होतं. फक्त तुमची लेन्स जवळात जवळ किती अंतरावर फोकस होते ते आधी तपासा. माझी शंभर-चारशेची आहे, कॅमेऱ्यासकट दोन किलोच्या वर जाते. शटरचा वेग सेकंदाच्या दीड-दोन हजाराव्या भागावर ठेवला तर हाताची थरथर फोटोत गोठवता येते, लेन्सच्या आतली यंत्रणाही बरंच सावरून घेते. पण फोकसचा तो छोटा ठिपका चतुराच्या डोळ्यावर टिकवून धरायचं काम हातालाच करावं लागतं. चारशे एमएममधून बघताना हात केसभर हलला की डोळा चौकटीतून निघून जातो आणि मागचं पाणी फोकस होतं. कपडे मळखाऊ घाला, सावली पाण्यावर पडू देऊ नका, घाई करू नका.

शनिवारी सकाळी साडेसहाला सिडकोतून स्कूटरवर निघाले. कोपऱ्यावर शेजारचे काका विहाराकडे जाताना भेटले.

"जय भीम, ताई. आज कंपनीचा डबा नाही?"

"जय भीम. आज सुट्टी. चतुरांकडे चालले."

"बरंय," काका म्हणाले. कॉलनीत माझी ही भानगड आता सगळ्यांना माहीत आहे.

द्वारका, पंचवटी, मग दिंडोरी नाका. सकाळी सातच्या आत नाका ओलांडला तर रस्ता मोकळा मिळतो, नंतर भाजीच्या गाड्यांमागे रांगावं लागतं. म्हसरूळच्या पुढे एका टपरीवर चहा घेतला. मी हल्ली कटिंगच मागते, कारण अर्धा ग्लास सांडत नाही. दिंडोरी रोड बहुतेक ठिकाणी चांगला आहे, स्कूटरने तासाभरात दिंडोरी येतं. पुढे पाच-सहा किलोमीटरवर भाऊंच्या गावाचा फाटा आणि मग कच्चा रस्ता. ऑक्टोबरचा मधला आठवडा होता. काही बागांची छाटणी झालेली, नुसत्या तारा आणि खोडं दिसत होती. काही बागा अजून हिरव्या होत्या. एका ट्रॅक्टरने फवारा मारत माझ्या बाजूने वळण घेतलं तेव्हा मी स्कूटर थांबवून तोंडाला ओढणी बांधली. तुम्हीही बांधा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

निवृत्तीभाऊ बागेच्या तोंडाशी उभे होते. अंगात पांढरा, इस्त्रीचा शर्ट. शेतात सकाळी आठ वाजता इस्त्रीचा शर्ट पाहून मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"या मॅडम. आधी स्पॉट बघा, मग चहा," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

तळं बागेच्या खालच्या अंगाला, ओहोळाच्या कडेला आहे. भाऊंचं नवं शेततळं वर आहे, काळा कागद अंथरलेलं. हे खालचं जुनं, आजोबांच्या वेळचं, कागदाशिवायचं. व्हिडिओत दिसलं होतं ते हेच.

पण लव्हाळं नव्हतं. पाणकणीस नव्हतं. काठ चारही बाजूंनी साफ कापलेला होता. पाण्यात अर्धी बुडालेली एक फांदी होती, तीही ओढून बाहेर काढली होती. काठाने दगड रांगेत लावून त्यांना चुना फासला होता. बागेपासून पाण्यापर्यंत चुन्याच्या दोन रेघा मारून वाट आखली होती, आणि त्या वाटेच्या टोकाला पाण्याकडे तोंड करून एक निळी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती.

"दोन माणसं लावली होती. ग्रासकटर चालवला काल दिवसभर," भाऊ म्हणाले. "म्हणलं, मॅडम येणार म्हंजे ऑडिट हाय. फोटोत कचरा यायला नको."

ज्यांनी कारखान्यात काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कंपनीत गिऱ्हाइकाचं ऑडिट असलं की आठवडाभर आधी सगळे झाडू घेऊन लागतात. यंत्रं पुसतात, जमिनीवर पिवळे पट्टे नव्याने मारतात, झाडांच्या कुंड्या आणतात, आणि भंगार कॉम्प्रेसरच्या खोलीमागे दडवतात. ऑडिटवाले जातात, आणि आठवडाभरात सगळं होतं तसं. अकरा वर्षं ज्याने हे केलं त्या माणसाने माझ्यासाठी तळ्याचंही तेच केलं होतं.

पाण्यावर पाच-सहा चतुर उडत होते. गोल फिरायचे, काठाशी यायचे, पुन्हा वर जायचे.

"भाऊ, ते बसणार कुठे?" मी विचारलं.

"कोण?"

"चतुर."

निवृत्तीभाऊंनी पाण्याकडे पाहिलं. तेवढ्यात एक लाल चतुर आला, पाण्यावर दोनदा फिरला आणि शेवटी निळ्या खुर्चीच्या हातावर बसला.

"म्हंजे," भाऊ सावकाश म्हणाले, "मी त्यांच्याच खुर्च्या उचलल्या."

मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोन दिवस होते आणि त्यातला पहिला तिथेच गेला होता. पण त्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहून मी तो गिळला. खुर्चीवरच्या चतुराचे मी सहा फोटो काढले. सहाही हलले. खुर्ची छान आली आहे.

घरी गेल्यावर सुमन वहिनींनी चहा आणला. कप काठोकाठ भरलेला, पाहुण्याला भरतात तसा, आणि खाली बशी. मी नेहमी कप टेबलावर ठेवूनच थोडा पिते आणि मग उचलते. पण इथे टेबल नव्हतं, आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी कप घेतला आणि बशीवर तो वाजायला लागला. थांबतच नव्हता. चहा बशीत सांडला. वहिनींनी बशी धरली, कप हातातून घेतला, अर्धा चहा दुसऱ्या कपात ओतला आणि उरलेला मला परत दिला. भाऊ माझ्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी नजर बागेकडे वळवली आणि द्राक्षांवरच्या डावणी रोगाच्या औषधांबद्दल बोलायला लागले.

दुपारी मी एकटीच पाटाच्या चारीवर, म्हणजे शेतांना पाणी नेणाऱ्या लहान कालव्यावर गेले. तिथे गवत होतं आणि म्हणून चतुरही होते. ज्यांना चतुर बघायचे आहेत त्यांनी मोठी धरणं सोडून अशा चाऱ्यांवर, डबक्यांवर जावं. ऊन चढल्यावर एक गुलाबीकडे झुकणारा लाल नर गवताच्या काडीवर बसला आणि त्याने शेपटी सरळ सूर्याकडे उभी केली. ऊन कमी लागावं म्हणून ते असं करतात. उडायचा, माशी पकडायचा, पुन्हा त्याच काडीवर यायचा. चतुरांची ही सवय फोटो काढणाऱ्याच्या फायद्याची आहे. एकदा काडी सापडली की तिच्यासमोर बसून राहायचं. आणखी एक खूण सांगते: बसल्यावर तो पंख जरा पुढे आणि खाली झुकवतो, तेव्हा तो खरा बसला असं समजावं. त्याआधी बटण दाबू नये.

त्या काडीसमोर मी अडीच तास बसले. एकशे ऐंशी फोटो काढले. डोळ्यावर ठिपका आणायचा, श्वास सोडायचा, आणि बटण दाबायच्या क्षणी ठिपका शेपटीवर. पुन्हा आणायचा, तो पाण्यावर. कोपर पोटाला टेकवून पाहिलं, डाव्या हाताची पकड बदलून पाहिली. नंतर बाभळीच्या सावलीत बसून पडद्यावर एकेक फोटो मोठा करून पाहिला, कारखान्यात पाहते तसा. एकशे ऐंशी रिजेक्ट. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. फक्त भीती वाटली, आणि ती चहा सांडण्याची नव्हती. ज्या हातावर मी बावीस वर्षं विश्वास ठेवला तो आता कुणाचा तरी दुसऱ्याचा असल्यासारखा वाटत होता.

संध्याकाळी वहिनी चुलीवर भाकऱ्या करत होत्या. भाकरी, वालपापडीची भाजी, ठेचा. मी ओट्यावर बसून कॅमेरा पुसत होते. निवृत्तीभाऊ समोर येऊन बसले.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. तीन महिने, डॉक्टर, चाचणी, सोमवार, सगळं. त्यांनी मधे एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

"ते चाळीस शाफ्ट आठवतात का तुम्हाला?" ते म्हणाले.

आठवत होते. आठ वर्षांपूर्वी भाऊंच्या हातून चाळीस शाफ्ट दोन शतांश मिलिमीटरने बारीक झाले होते. माप असं थोडं चुकलं पण माल चालण्यासारखा असला, तर तो सोडण्यासाठी कारखान्यात एक कागद असतो. त्यावर लिहायचं: चूक काय, आणि तरी कशाच्या जोरावर चालेल. खाली क्वालिटीची सही. त्याला 'डिव्हिएशनवर पास' म्हणतात. भाऊ तो कागद भरून माझ्याकडे आले होते. मी सही केली नाही. चाळीस शाफ्ट भंगारात गेले.

"नाय, म्हंजे बरोबरच होतं तुमचं," भाऊ म्हणाले. "मी काय त्यामुळं नोकरी सोडली नाय. वडलांना झेपत नव्हतं म्हणून आलो. पण मला त्यो कागद लक्षात राहिला. तुम्ही वाचला बी नाय. बघितला आन् परत दिला."

"वाचला नव्हता," मी कबूल केलं.

"तेच म्हणतो," भाऊ म्हणाले, आणि वहिनींनी जेवायला हाक मारली.

रविवारी सकाळी साडेसहाला उठून बाहेर आले तर भाऊ घरात नव्हते. वहिनी म्हणाल्या, "तळ्यावर गेलेत. उजाडायच्या आधीच गेले. काड्यांची मोळी घेऊन."

छाटणी झालेल्या बागेत द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडलेले असतात, एरवी ते जाळतात नाहीतर बारीक करून बागेतच घालतात. भाऊंनी त्यातल्या लांब, सरळ काड्या निवडल्या होत्या आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून ते काठाच्या चिखलात त्या रोवत होते. तीसेक तरी रोवून झाल्या असतील. सगळ्या एका रेषेत, सारख्या अंतरावर, सारख्या उंचीच्या.

"खुर्च्या परत मांडल्या," ते पाण्यातून म्हणाले. "लेव्हल चेक करा."

मी चार काड्या हलवून तिरक्या केल्या, दोन जरा आत सरकवल्या. भाऊंना ते आवडलं नाही, पण ऑडिटमध्ये वाद घालायचा नसतो. नवं लव्हाळं पुन्हा उगवायला काही आठवडे लागतील, तोवर या काड्या उपयोगी पडतील. तुमच्या तळ्यावर काठ साफ झाला असेल तर हा उपाय करून बघा. फार काही लागत नाही.

सूर्य बागेवरून वर आला आणि साडेआठच्या सुमारास पहिला चतुर आला. काड्यांच्या रांगेवरून एकदा सरळ गेला, परत आला, आणि मी तिरक्या केलेल्या काडीवर बसला. पंख पुढे झुकवले. लालभडक नर, डोळेसुद्धा लाल. नऊ वाजेपर्यंत सात काड्या भरल्या.

मी पुन्हा हाताने सुरुवात केली, कारण चाचणी तीच होती. चाळीस फोटो. पडद्यावर पाहिले. चाळीसही गेले. दहा वाजून गेले होते आणि दुपारी मला निघायचं होतं. मी कॅमेरा मांडीवर ठेवला.

भाऊ इतका वेळ मागे बसून बघत होते. "लेथवर टूल लय बाहेर काढलं की काय होतं, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"थरथरतं."

"आन् लांब, बारीक शाफ्ट फिरवायचा असला की?"

"मधे लचकतो."

"मग काय करतो आपण?"

मला उत्तर माहीत होतं. अशा शाफ्टला मधोमध तीन बोटांचा एक आधार लावतात, म्हणजे तो फिरतो पण हलत नाही. कारखान्यात त्याला स्टेडी म्हणतात.

"स्टेडी लावतो," मी म्हणाले. "पण भाऊ, चाचणी आधाराशिवायची आहे."

"चाचणी झाली की. चाळीसच्या चाळीस गेले, मी बघितलं. आता प्रोडक्शन घेऊ."

त्यांनी आधी बाभळीचं एक बेचकं आणून चिखलात ठोकलं. लेन्सच्या वजनाने ते पाचच मिनिटांत कलंडलं. दुसरं आणलं, तेही तसंच. मग निवृत्तीभाऊ माझ्या पुढ्यात आले आणि पाण्याकडे तोंड करून चिखलात मांडी घालून बसले. शनिवारचाच तो पांढरा शर्ट होता.

"ठेवा खांद्यावर," ते म्हणाले.

"शर्ट खराब होईल."

"ठेवा हो. वजन हाय का काय त्येला."

मी त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसले आणि लेन्स त्यांच्या उजव्या खांद्यावर टेकवली. चौकट अजून जराशी हलत होती. त्यांच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होती.

"श्वास धरू का?" भाऊंनी विचारलं.

"मी सांगते तेव्हा धरा."

चतुर काडीवरून उडाला. आम्ही थांबलो. तो परत आला, बसला, पंख झुकवले. "धरा," मी म्हणाले. ठिपका डोळ्यावर आला आणि तिथेच राहिला. मी बटण दाबलं. मला आठवतं तसं, तेवढ्या वेळात माझाही श्वास चालू नव्हता.

"सोडू?" भाऊ ओठ न हलवता म्हणाले.

"सोडा."

असं आम्ही चौदा वेळा केलं. वहिनी न्याहारीला बोलवायला आल्या आणि आम्हाला तसं पाहून बराच वेळ हसत उभ्या राहिल्या. "फोटो काढा कुणीतरी ह्या दोघांचा," त्या म्हणाल्या आणि आपल्या मोबाइलवर त्यांनीच काढला. तो मी इथे लावणार नाही.

चौदातले तीन धारदार आले होते. पडद्यावर मोठे करून पाहिले, भाऊंनाही दाखवले. डोळा स्पष्ट, पंखाचा चौकोन स्पष्ट.

"मग? पास?"

"चाचणी आधाराशिवायची होती," मी पुन्हा म्हणाले.

"लांब शाफ्टला स्टेडी लावली म्हणून तुम्ही कधी रिजेक्ट मारला का?"

"नाही."

"मग?"

मी लेन्सला झाकण लावलं.

दुपारी भाकरी खाऊन निघाले. वहिनींनी पापडीच्या शेंगा बांधून दिल्या. भाऊ तळ्यावरची चुन्याची रेघ पायाने पुसत होते. म्हणाले, लव्हाळं पुन्हा वाढू देणार, ग्रासकटर तिकडे फिरकू देणार नाही. परतीला रविवारच्या संध्याकाळची गर्दी टाळायची असेल तर चारच्या आत पंचवटी ओलांडा. मी ओलांडली.

सोमवारी साडेनऊला मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं. शनिवार-रविवारची तयारी होती म्हणून तीन वाक्यांत सांगून झालं. त्यांनी आधी दार लावलं, मग पाणी दिलं, तेही अर्धा ग्लास. मी तीनदा मोजत होते हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण कारण कळलं नव्हतं. मायक्रोमीटर आता विभागातली नवीन मुलगी धरते आणि मी शेजारी बसून तिला शिकवते. आकडा मी वाचते, निर्णयही मीच घेते. शेवटच्या सहीचं काय करायचं ते वरून ठरेल. मला हलकं वाटलं का, असं घरी आमच्या ह्यांनी विचारलं. नाही वाटलं. वाईट वाटलं. बावीस वर्षांची सवय आहे, सकाळी हात आपोआप मायक्रोमीटरच्या डबीकडे जातो. पण आता संध्याकाळी वेळेवर घरी येते, एवढं खरं.

मंगळवारी तीनातला सर्वांत चांगला फोटो मोठ्या पडद्यावर पाहिला. लाल चतुर, द्राक्षाची काडी, मागे हिरवट पाणी. खाली उजव्या कोपऱ्यात एक पांढरट, अंधूक डाग आहे. आधी मला ते लेन्सवरचं पाणी वाटलं. तो भाऊंच्या शर्टाचा खांदा आहे. कापून टाकता आला असता. मी ठेवला.

त्या फोटोची एक प्रत छापून आणली. तिच्या मागे पेनने, कारखान्यातल्या त्या कागदावर असतात तसे रकाने आखले. चूक: हात थरथरतो, विनाआधार चाचणीत नापास. कशाच्या जोरावर चालेल: स्टेडी. निर्णय: डिव्हिएशनवर पास. खाली सही केली. आयुष्यात अशा कागदावर केलेली माझी पहिलीच सही. पेन दोनदा घसरलं, शेवटचं अक्षर रेषेखाली गेलं. दुसरी प्रत छापून पुन्हा करावी असं वाटलं होतं, पण तशीच ठेवली आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढून निवृत्तीभाऊंना पाठवला.

दोन तास काही उत्तर आलं नाही. बागेत असतील. मग आलं:

"मॅडम, पूर्ण वाचलं. सही थोडी हललीये. चालेल. पास."